कळसूबाई, साल्हेर आणि 'एनी अदर'

इंग्रजीच्या पेपरात 'चेंज द डिग्री', म्हणजे विशेषणाचं तुलनेचं रूप बदलून तेच वाक्य लिहा, आलं की दहावीची पोरं खूश असतात. साचे पाठ असतात ना! 'द टॉलेस्ट' दिसलं की 'टॉलर दॅन एनी अदर', नाहीतर 'नो अदर'ने सुरुवात आणि पुढे 'ॲज टॉल ॲज'. मार्क पडतात, विषय संपतो. माझ्या शिकवणीत मात्र मी इथेच हटकून अडून बसते.

फळ्यावर ठरलेलं वाक्य : कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र. उंची १,६४६ मीटर, भूगोलात घोकलेली, त्यामुळे वाद नाही. कंपॅरेटिव्ह, म्हणजे 'च्यापेक्षा'वालं रूप, केलं की 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र'. मग मी 'अदर' पुसते आणि विचारते, काय बिघडलं?

"मॅडम, एक मार्क गेला."

तो गेलाच, पण का गेला? थोड्या वेळाने कुणीतरी मागून पुटपुटतं, "कळसूबाईपण महाराष्ट्रातच आहे की." बरोब्बर! 'अदर' नसेल तर बाई स्वतःपेक्षाही उंच ठरतात. आता 'हायर दॅन एनी पीक इन गोवा' म्हणा. इथे 'अदर' घातलंत तर कळसूबाई थेट गोव्यात जाऊन बसेल.

साल्हेरची गंमत आणखी वेगळी. १,५६७ मीटर, म्हणजे शिखरांत दुसरा नंबर. त्याच्यासाठी 'एनी अदर पीक'च्या मागे 'एक्सेप्ट कळसूबाई' जोडावं लागतं. पण शिखरं सोडून किल्ले मोजायला घेतले, की तोच साल्हेर महाराष्ट्रातला 'द हायेस्ट फोर्ट'! डोंगर तोच, उंची तीच, नुसता गट बदलला. म्हणून मी डिग्री बदलण्याआधी 'शर्यतीत कोण कोण आहे' हे विचारायला लावते. 'वन ऑफ द हायेस्ट पीक्स'मधला शेवटचा 'स' पोरं सर्रास खातात, तोही मग आपोआप जागेवर येतो. अनेकांपैकी एक म्हटल्यावर अनेक नकोत का?

कंपॅरेटिव्ह करताना शब्दाला 'ईआर' लावायचा की 'मोअर', यासाठी काहीजण स्पेलिंगमधली अक्षरं मोजतात. 'स्ट्रेट'ला इंग्रजीत आठ अक्षरं, तरी 'स्ट्रेटर'च होतं. त्यापेक्षा शब्द देवनागरीत लिहून त्यातले स्वर मोजा : 'स्ट्रेट'मध्ये एकच, 'ब्यूटिफुल'मध्ये तीन, म्हणून तिथे 'मोअर'. दोनवाल्यांचं जरा त्रांगडं आहे, पण शेवटी 'वाय' असलेले 'हॅपी', 'इझी' बिनतक्रार 'हॅपिअर', 'इझिअर' होतात. 'बिगर'मधला डबल 'जी' मात्र देवनागरीत दिसणार नाही. त्याला स्पेलिंगच बघायचं : शेवटी एक व्यंजन, त्याआधी एकच स्वर, तर व्यंजन डबल. 'चीप'च्या स्पेलिंगमध्ये 'पी'आधी दोन स्वर, म्हणून 'चीपर'चा 'पी' एकटाच.

आणि कृपा करून 'मोअर बेटर' नको. जोर द्यायचाच असेल तर 'मच बेटर' म्हणा. 'व्हेरी बेटर'सुद्धा चालत नाही.

राहिले 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर'. ही लॅटिनकडची मंडळी, त्यांना 'दॅन' चालत नाही, 'टू' लागतं. ऑफिसात 'सीनियर दॅन मी' रोज ऐकू येतं, परीक्षेत लिहू नका. यादी छोटीशीच आहे. इथे डोकं चालवायचं नाही, सरळ पाठ करून टाकायचं.