सरांनी शिकवलेला ‘अप’

आमचे इंग्रजीचे सर म्हटलं की मला ‘अप’ आठवतो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत गॅदरिंग, सहल, खो-खोच्या मॅचेस यावर बाकीचे लिहितीलच, मी सरांच्या त्या एका तासाबद्दल लिहितो कारण इंग्रजीची भीती माझी तिथंच गेली.

आम्ही बरीचशी पोरं खानापूर तालुक्यातली नाहीतर बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतली. घरात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, इंग्रजी फक्त पुस्तकात. ‘अप’ म्हणजे वर, एवढं सगळ्यांना पाठ. सरांनी फळ्यावर लिहिलं, ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, आणि विचारलं, यात वर काय गेलं सांगा बघू? कुणाला सांगता येईना. मग म्हणाले, “आई तुला भात खाऊन टाक म्हणते, तेव्हा तू भात कुठं टाकतोस रे?” सगळा वर्ग हसला. ‘खाऊन टाक’ मधलं टाकणं म्हणजे फेकणं नव्हेच की, ताटात काही ठेवू नको, संपव. लगेच घरी कन्नड बोलणाऱ्या एका मित्राला उठवून विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? तो म्हणाला, ‘तिंदुबिडु’. बिडु म्हणजे सोड. मराठीत टाक, कन्नडमध्ये सोड, इंग्रजीत वर, आणि तिन्ही ठिकाणी सांगायचं एकच, काम पुरं कर.

मला हे आजही फार मोठं वाटतं. ईट अप, यूज अप असल्या जोड-क्रियापदांची, म्हणजे फ्रेजल व्हर्बची यादी कुठल्याही गाईडमध्ये मिळते, पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची. सरांनी आमच्या तोंडात रोज असलेली दोन क्रियापदं उचलून तिसऱ्या भाषेचं दार उघडलं, आणि हे दोन भाषांत वाढलेल्या पोरांनाच इतक्या पटकन कळू शकतं असं माझं ठाम मत आहे.

मग उदाहरणं सुरू झाली ती थांबेनातच. बाभूळ आधी ‘कट डाऊन’ करायची म्हणजे ती खाली येते, मग तिचीच लाकडं ‘कट अप’ करायची म्हणजे पार तुकडे. ‘मेक अप’ म्हणजे तोंडाला पावडर, भांडण मिटवणं पण मेक अप, खोटं कारण रचणं पण तेच, आणि बुडालेला अभ्यास भरून काढणं पण तेच. ‘स्पीक अप’ म्हटलं की मोठ्यानं बोलायचं आणि ‘शट अप’ म्हटलं की गप्प. ‘टाइम इज अप’ म्हटलं की पेन खाली.

आमच्यातले काहीजण खानापूरहून पॅसेंजरनं अपडाऊन करायचे, तर सरांनी तेही घेतलं. रेल्वेतला अप चढाचा नव्हे, इंग्लंडमध्ये लंडनकडं जाणारी गाडी अप आणि लंडनहून निघालेली डाऊन, मग रूळ चढाचा असो नाहीतर उताराचा, ती बोली साहेबाबरोबर आपल्याकडं आली. आपण दोन्ही जोडून टाकले आणि रोज जाऊन येण्याला एकच शब्द केला, अपडाऊन.

नंतर वाचलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, आणि पुढं नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ त्याच्याही पुढं गेला, एका क्रियापदाचे ६४५ अर्थ. असले आकडे बघून पोरं घाबरतात. मी नाही घाबरलो, कारण छोटा शब्द शेजारचा शब्द बघून अर्थ बदलतो हे सरांनी आधीच दाखवलं होतं.

आता मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये आहे. सेटअप, वॉर्म अप, बॅकअप, फॉलोअप, दिवसभर हेच. आयटीआयची नवीन मुलं येतात, त्यांना ‘क्लीन अप’ सांगितलं की झाडू मारून मोकळी होतात, तेव्हा मी सरांचंच सांगतो, अरे अप आहे ना त्यात, धातूच्या चिप्स, ऑइल, सगळं काढून टाक, माडिबिडु, म्हणजे करून टाक. मराठी असो कन्नड असो, पोरगं हसतं आणि बरोबर करतं.

महोत्सवानिमित्त आमच्या बॅचनं शाळेच्या लायब्ररीला इंग्रजी-मराठी आणि इंग्रजी-कन्नड, दोन्ही डिक्शनऱ्या द्यायचं ठरवलंय. दोन्ही एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवा, एवढी हेडसरांना विनंती.