मनीच्या शेपटीचं टोक

आज दुपारी सगळं प्रतापनगर उन्हानं चिडीचूप झालं होतं. खिडकीबाहेर कूलरच्या टपावर एक साळुंकी येऊन बसली, गळणारं पाणी प्यायला. तिला मनीनं पाहिलं, आणि मनीला मी.

पोट फरशीला टेकलेलं, कान पुढे. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की हिरवा रंग फक्त कडेला उरला. अंग दगड! हलत होतं ते शेपटीचं टोक. मग मागचा भाग जरासा डुलला आणि जबड्यातून कटकट-कटकट असा बारीक आवाज. मध्ये काच होती म्हणून साळुंकी वाचली.

आई म्हणाली, "आत्ताच तर वाटीभर खाल्लं, अजून भूक?" भूक नाही गं आई. मांजराचं पोट भरलेलं असलं तरी समोर काही हललं की शिकारीची ओढ जागी होतेच. म्हणून तिला रागावणं मला पटत नाही. दोरीला पीस बांधून तिला खेळवलं, शेवटी पकडू दिलं, मग थोडा खाऊ दिला. खाऊन, अंग चाटून ती आडवी झाली.

परवा मात्र मांडीवर असताना तिची शेपटी सपासप आपटत होती. ते लाड समजून मी हात फिरवतच राहिले, आणि ओरखडा बसला. ती तर कधीची "पुरे" म्हणत होती!

आता माझ्याकडे बघून ती सावकाश डोळे मिटतेय. मीही तसेच मिटले. तिनं पुन्हा मिटले.