जंगलात सापडल्या रास्पबेऱ्या

इंग्लंडात काउन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, भाड्याने शेतीचा तुकडा मिळतो, अलॉटमेंट म्हणतात, पूर्ण प्लॉट साधारण २५० चौरस मीटरचा, आम्हाला अर्धा मिळाला आणि तोही नुसतं रान माजलेलं. एका कोपऱ्यात गंजलेल्या तारेला टेकलेल्या काटेरी काठ्या होत्या, नवरा म्हणाला ब्लॅकबेरी आहे, उपटून टाक. मी पान उलटं करून बघितलं तर खालून चंदेरी पांढरं, काटे बारीक, काठी गोल आणि सरळ, म्हणजे रास्पबेरी! (ब्लॅकबेरीची काठी जाडजूड, कंगोरेवाली, आणि काटा लागला की आई आठवते.)

आता गोची अशी की रास्पबेरी दोन प्रकारची. उन्हाळी जात गेल्या वर्षीच्या काठीवर फळते, शरदातली यंदाच्या नव्या काठीवर. म्हणून शरदातली फेब्रुवारीत सरसकट जमिनीलगत कापायची, पण उन्हाळीला तसं केलं की त्या वर्षी फळाला मुकलात. आमची कुठली ते कळेना, मग मी वाळकी, खडखडीत लाकडं काढली, अर्धी रांग कापली, अर्धी ठेवली, शेणखत पसरलं आणि गप्प बसले.

जुलैत ठेवलेल्या भागावर फळं! म्हणजे बहुधा उन्हाळीच. तोडली की मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो, फळ टोपीसारखं पोकळ. महाबळेश्वरला द्रोणातून खाल्लेल्या रास्पबेऱ्या आठवल्या. फळलेल्या काठ्या लगेच कापल्या, नवीन हिरव्या तारेला बांधल्या. नवरा आता सगळ्यांना सांगतो, आमच्या रास्पबेऱ्या.