१२ ऑगस्टच्या आत: २०२०च्या गणपतीला गावी जाताना

२०२० साली, कोरोनाच्या साथीत, गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती आणि कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी राज्य सरकारने ठरवून दिलेली तारीख होती १२ ऑगस्ट. १२च्या आत गाव गाठायचं, १० दिवस घरातच वेगळं राहायचं आणि मग बाप्पा बसवायचे. १२ तारखेनंतर निघणाऱ्यांना ४८ तासांच्या आतली कोरोनाची स्वॅब तपासणी लागणार होती आणि ती निगेटिव्ह असायला हवी होती. एसटीने जायचं तर ई-पास, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, नको, स्वतःच्या गाडीने जायचं तर हवा. एका एसटीत प्रवासी फक्त २२.

हे जाहीर झालं ४ ऑगस्टला. त्याआधी महिनाभर नुसती चर्चाच सुरू होती. कोणी १४ दिवस म्हणत होतं, कोणी ७. काही ग्रामपंचायतींनी आपापले ठरावही करून टाकले होते. आमच्या चाळीत रोज संध्याकाळी कॉमन गॅलरीत मास्क लावून उभं राहायचं आणि कुणाच्या गावचा काय ठराव झाला ते ऐकायचं, असं चाललं होतं. गणपतीला गावी जाणं ही आमच्याकडे वर्षभराची बेगमी असते, रजेची आणि पैशांचीही. त्या वर्षी ती ठरवायला हातात आठवडाभरच उरला.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. आप्पा गिरणीतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे, साखरेचा त्रास असलेले. त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. पण मार्चपासून ते एका खोलीत बसून होते आणि घरचा गणपती चुकवायचा नाही, हे त्यांनी कधीच सांगून टाकलं होतं. माझं काम तेव्हा घरूनच चालू होतं, त्यामुळे मला १० दिवस आधी निघणं जमलं. शेजारच्या ताईंना नाही जमलं. त्या सफाई कामगार. मार्चपासून एक दिवस घरी न बसलेल्या बाईला गणपतीच्या ४ दिवसांसाठी १४-१५ दिवसांची रजा कोण देणार? १२ तारखेनंतर जायचं तर तपासणी. खासगी प्रयोगशाळेतला दर त्याच महिन्यात सरकारने कमी करून १,९०० ते २,५०० रुपयांवर आणला होता, पण घरात ५ माणसं असतील तर हिशेब कुठे जातो ते बघा. कोकण रेल्वेवरच्या गणपती स्पेशल सुटल्या १५ ऑगस्टपासून, म्हणजे त्या गाड्यांनी जाणाऱ्याला तपासणी आलीच. नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता. प्रत्यक्षात त्याने माणसांची वाटणी केली. ज्यांनी साथीच्या महिन्यांत शहर चालवलं, नेमके तेच मागे राहिले. हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं.

आम्ही पहाटे परळहून एसटीत बसलो. चढताना हातावर सॅनिटायझर, यादीत नावं, एका बाकावर एकच माणूस. एरवी गणपतीच्या गाडीत कोणाच्या मांडीवर पिशवी, पायाशी गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान, मागे भजनी मंडळाची टाळ-मृदंग, अशी तऱ्हा असते. या वेळी सगळे खिडकीला टेकून गप्प. वाटेत जेवायला गाडी थांबणार नव्हती. भाजी-चपातीचे डबे घरूनच आणले होते, ते मास्क हनुवटीवर ओढून, खिडकीकडे तोंड करून उरकले.

पेण, नागोठणे, कोलाड. रस्ता नेहमीसारखाच उखडलेला, रुंदीकरण अर्धवट. माणगावच्या पुढे मागे घरांवर निळ्या ताडपत्र्या दिसायला लागल्या. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं होतं, त्याला दोन महिने होऊन गेले तरी कित्येक छपरांवर कौलं चढली नव्हती. आधी टाळेबंदी, मग वादळ, त्यावर पावसाळा. आप्पा काच पुसून पुसून बघत होते. मंडणगड-दापोलीकडे तर सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. मुंबईत बसून क्वारंटाइनच्या दिवसांवर वाद घालताना त्या लोकांवर काय गुदरलंय याची आम्हाला पुरती कल्पना नव्हती.

पोलादपूर सोडलं, कशेडी घाट चढलो आणि गाडी उभी राहिली. रायगड संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो तिथे तपासणी नाका होता. पुढे गाड्यांची रांग, धुकं, बारीक पाऊस. मंडपाच्या ताडपत्रीत पाणी साठून फुगा झालेला आणि एक पोलीस शिपाई दर थोड्या वेळाने काठीने खालून ढोसून ते पाणी बाजूला पाडत होता. आरोग्य खात्याची दोन माणसं गाडीत चढली. कपाळासमोर थर्मल गन, वहीत नाव, गाव, वाडी, फोन नंबर, खोकला आहे का, ताप आहे का. डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का. प्रश्न तेच, पण विचारणाऱ्याचा आवाज बसलेला होता. दिवसभरात किती वेळा विचारत असेल देव जाणे. एका आजीला गावाचं नाव नीट सांगता येईना, तर त्याने वही बाजूला ठेवून, "आजी, बाजार कुठला करता तुम्ही?" असं विचारून तालुका काढून घेतला. खासगी गाड्यांच्या रांगेत मात्र आवाज चढले होते. कोणाचा ई-पास एका गाडीचा आणि आलेली गाडी दुसरी, कोणाच्या पासवर चौघांची नावं आणि आत पाच माणसं.

हा जो अधिकार आहे, वाटेत माणूस थांबवून तपासायचा आणि वेगळा ठेवायचा, तो ज्या कायद्यातून येतो तो १८९७चा आहे. मुंबईत प्लेग शिरला तेव्हा इंग्रज सरकारने घाईने केलेला साथरोग कायदा. अगदी छोटासा, मोजक्या कलमांचा. पण त्यात रेल्वेने किंवा इतर मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळं ठेवण्याचा उल्लेख स्पष्ट आहे. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२०ला लागू केला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले व्हायला लागल्यावर एप्रिलमध्ये केंद्राने अध्यादेश काढून त्यांच्या संरक्षणाची तरतूद त्यात घातली. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वेगळं ठेवलेल्या माणसाने खायचं काय, त्याची रजा कोण भरून देणार, याबद्दल तो जुना कायदा काही बोलत नाही. ते ज्याचं त्याने बघायचं. आमच्या बाबतीत ते गावाने बघितलं.

चिपळूण, मग शृंगारतळी, आणि तिथून पुढे काकांनी पाठवलेली रिक्षा. वाडीच्या तोंडाशी ग्राम कृती दलाची मंडळी उभी होती. सरपंच, पोलीस पाटील, दोन-चार तरुण पोरं. पुन्हा नावं, पुन्हा वही. यातल्या निम्म्यांना मी लहानपणापासून ओळखते, पण कोणी पुढे आलं नाही. पोलीस पाटील लांबूनच म्हणाले, "आप्पा, काय हवा-नको ता सांगा, लाजू नका. पण घराभायेर पडू नका." आप्पांनी हात जोडले.

काकांनी मागची पडवी रिकामी करून ठेवली होती. परसात वेगळा संडास होता, म्हणून आम्हाला घरी राहायची परवानगी मिळाली. दारावर कागद चिकटवला गेला. त्यावर आमची नावं, आल्याची तारीख, सुटण्याची तारीख. विहिरीवर जायचं नाही. सकाळी चुलतभाऊ हंडे भरून जोत्याच्या कडेला ठेवायचा आणि मागे सरकायचा, मग मी उचलायचे. काकी जेवण केळीच्या पानात बांधून ठेवायच्या, म्हणजे भांडी परत करायला नकोत. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, कुळथाचं पिठलं. पानं आम्ही परसातल्या खड्ड्यात टाकायचो. ही युक्ती कोणत्याही शासकीय परिपत्रकात नव्हती, काकींच्या डोक्यातून निघालेली. मार्चपासून गावात येणाऱ्या प्रत्येकासाठी बायकांनी अशा किती गोष्टी बसवल्या असतील, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

ज्यांच्या घरात अशी वेगळी खोली नव्हती, त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत राहावं लागलं. आमच्याच वाडीतलं एक कुटुंब तिथे होतं, धाकटं मूल कडेवरचं. बाकं भिंतीला लावून मधे सतरंज्या. न्हाणीघर नव्हतं, तर पोरांनी मागच्या बाजूला बांबू पुरून ताडपत्रीचा आडोसा करून दिला. पावसात वीज गेली की रात्रभर अंधार. जेवण घराघरातून पाळी लावून जायचं. त्यांचा हाल झाला हे खरंच. पण गावाकडे तरी दुसरं काय होतं? प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, व्हेंटिलेटर तालुक्याच्या ठिकाणीही दुर्मीळ आणि गावात राहिलेले बहुतेक म्हातारेच. मुंबईवाले आजार घेऊन येतात असं काहीजण तोंडावर बोलले, ते लागलं. त्यांच्या जागी असते तर मीही घाबरले असते.

रोज सकाळी आशाताई, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, यायच्या. छत्री, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही, गळ्यात दोरीने अडकवलेलं पेन. रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ऑक्सिमीटर ओट्यावर ठेवायच्या आणि अंगणात मागे जाऊन उभ्या राहायच्या. आम्ही बोट घालायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. पहिल्याच सकाळी आप्पांचा आकडा ८८ आला आणि माझे पाय गळाले. ताई शांत होत्या. "बोटं गार पडलीत त्यांची. हात चोळा, जरा पदरात धरा, मग परत लावा." थोड्या वेळाने आकडा ९७ दिसला. मग यंत्र पुसून घेऊन त्या पुढच्या घरी. दुपारी पुन्हा घरची भातशेती. त्या वेळी आशांना ठरावीक पगार नव्हता, कामाप्रमाणे मोबदला आणि मानधन. जुलैपासून राज्याने मानधनात महिन्याला २ हजार रुपयांची वाढ केली, इतकंच. मंत्रालयात बसून कोणी १० दिवस लिहितं, तेव्हा त्यातला एकेक दिवस अशी एक बाई पावसात घरोघर चालत जाऊन पाळून दाखवत असते. आमच्या वाडीतलं अलगीकरण त्यांच्यामुळे झालं. शिक्क्याने झालं नाही आणि दंडाच्या भीतीनेही झालं नाही, कारण शिक्का तर दोन-तीन आंघोळींतच पुसट झाला होता.

दिवस सरले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोलीस पाटलांनी येऊन दारावरचा कागद काढला आणि पहिल्यांदा पायरीवर बसून चहा घेतला. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंतच हवी असा त्या वर्षी नियम होता. आमची नेहमीच त्याहून लहान असते. आरती मात्र ज्याने त्याने आपापल्या घरी करायची असं गावाने ठरवलं होतं. एरवी अख्खी वाडी घराघरातून आरत्या म्हणत फिरते, रात्री जाखडी नाचते, शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते. त्या वर्षी संध्याकाळी सगळ्या घरांतून एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ओळींवर आरती ऐकू यायची. आप्पांनी ती पूर्ण उभ्याने म्हटली.

गंमत म्हणजे आमच्याकडे बाप्पा बसले त्याच दिवशी, २२ ऑगस्टला, केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना पत्र पाठवलं की राज्यात आणि राज्याबाहेर जाण्या-येण्यावर निर्बंध घालू नका, त्यासाठी वेगळी परवानगी लागता कामा नये. महाराष्ट्रात ई-पास बंद झाला तो २ सप्टेंबरपासून. अनंत चतुर्दशी होती १ तारखेला. ज्यांनी ई-पाससाठी रात्र-रात्र मोबाईल घेऊन काढली त्यांना हे वाचून काय वाटलं असेल, ते मी परतीच्या गाडीत ऐकलं. पास काढण्यासाठी एजंटाला पैसे मोजलेला एक जण होता, दोनदा अर्ज नाकारला गेलेला एक जण होता. नियम बदलतात याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. आजार नवा, माहिती रोज बदलणारी, तर नियम बदलणारच. बदल आधी कळावा, कारण सांगून कळावा, एवढंच मागणं होतं.

परतताना कशेडीला मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना कोणी थांबवलं नाही. चाळीत पोहोचल्यावर शेजारच्या ताईंना प्रसाद आणि काकींनी दिलेले तांदूळ नेऊन दिले. त्या नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या. "शाळेत ठेवलं होतं ती माणसं कशी आहेत?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. ते कुटुंब त्यांच्या मावसबहिणीचं, हे मला तेव्हा कळलं. मग मी त्यांना ताडपत्रीच्या न्हाणीघरापासून ते पाळीच्या जेवणापर्यंत सगळं सांगत बसले.