मावशींनी पंचवीस असे का लिहिले?

प्रौढांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी वेगळं प्रशिक्षण कशाला, असं मला वाटायचं. बाराखडी येते, पाढे येतात, शिकवायची हौस आहे, अजून काय हवं?

पहिल्याच दिवशी प्रशिक्षक बाईंनी फळ्यावर बारा चिन्हं काढली. ती कुठल्याच लिपीतली नव्हती. एकदा उच्चार सांगितले आणि लगेच वाचायला उभं केलं. तिसऱ्या चिन्हाशी मी अडकले. कान गरम झाले, शेजारणीच्या वहीत डोकावले आणि चष्मा विसरलाय असं सांगून खाली बसावं, असं अगदी मनापासून वाटलं. पुढे वर्गात हेच वाक्य ऐकलं तेव्हा मी खोदून विचारलं नाही. ते वाक्य चष्म्याबद्दल नसतं.

मग शब्द निवडायचे होते. ब्राझीलच्या अंगिकोसमध्ये १९६३ साली तिथले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० जणांसाठी ४० तासांचे साक्षरता वर्ग घेतले. त्यांच्या पद्धतीत ‘वीट’ असा लोकांच्या रोजच्या कामातला शब्द घ्यायचा, फोडायचा आणि त्याच्या तुकड्यांतून नवे शब्द जुळवायचे. मी पाठासाठी ‘कमळ’ आणला होता. बाई म्हणाल्या, "हा शब्द त्यांना कुठे लिहावा लागणार आहे?" मी ‘नाव’ घेतला. प्रत्येक अर्जावर तो असतोच, आणि न, व नि काना एवढ्यातून वन, नवा, वाव, नाना असे शब्द निघतात.

खरी अडचण अंकांत आली. निरीक्षणाखालच्या पहिल्या पाठात मी "पंचवीस लिहा" म्हटलं आणि वर्गात शिकायला आलेल्या मावशींनी ५२ लिहिलं. मी "चुकलं" म्हणून खोडलं, शेजारी २५ लिहून दिलं आणि पुढे गेले. एकशे पाचचे त्यांनी १००५ केले, तेही तसंच दुरुस्त केलं. पाठ संपल्यावर बाई म्हणाल्या, "पंचवीस हळू म्हणून बघा." पंच आधी, वीस नंतर! मावशींनी जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. एकशे आधी, म्हणून १००, आणि मग त्याला जोडून पाच. माझा पाठ नापास झाला आणि ते रास्तच होतं, कारण चुकीमागचा विचार मी बघितलाच नव्हता.

त्यांची दुसरी सूचना होती थांबण्याची. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, असं शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना आढळलं होतं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, विचार करून येतात. लिहायला सांगितल्यावर तर त्याहून जास्त वेळ लागणार. सांगायला सोपं आहे. समोरचा माणूस पेन्सिल धरून गप्प बसलेला असताना तोंड मिटून राहणं मला फार जड गेलं.

दुसऱ्या पाठाआधी मी मावशींना तोंडी विचारलं, शंभरातून त्रेसष्ट गेले तर? "त्रेसष्टला सात, सत्तर. वर तीस. सदतीस." क्षणात. मी हातचा शिकवायची तयारी करून गेले होते. ती बाजूला ठेवली आणि त्या जे बोलल्या तेच पायरीपायरीने कागदावर मांडायला सांगितलं. दशकाच्या जुड्या आणि सुट्ट्या काड्या मांडून आम्ही पंचवीस परत केले: दोन जुड्या डावीकडे, पाच काड्या उजवीकडे.

शेवटी मी म्हटलं, "एकोणचाळीस." हा अंक मी मुद्दाम निवडला होता. कानाला चाळीस ऐकू येतात, म्हणून हात चारकडे जातो. मावशींनी ४ लिहिला आणि थांबल्या. मी मनात मोजत होते. पाच, सहा, सात. मागे बसलेल्या बाईंचाही आवाज नव्हता. मावशींनी चार जुड्या पुढे ओढल्या, एक जुडी सुटी केली, तिच्यातली एक काडी बाजूला काढली, ४ खोडला आणि ३९ लिहिले.

"आता एकोणपन्नास सांगा, ताई," त्या म्हणाल्या.