मत एकाला, हवा दुसऱ्याची: लेस्टर ईस्टमधली एक मतचाचणी

फोनवरून मतचाचणी घेणाऱ्या संस्थेत माझं काम ऐकण्याचं आहे. मुलाखतकार बोलत असताना दुसऱ्या हेडफोनवरून ऐकायचं, प्रश्न शब्दशः वाचला जातोय ना ते बघायचं आणि दर अर्ध्या तासाने कोट्याचा तक्ता तपासायचा, म्हणजे कुठल्या वयाचे किती स्त्री-पुरुष हवेत आणि किती झाले ते. २० जून २०२४, गुरुवार. ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीला दोन आठवडे उरले होते आणि आमच्याकडे लेस्टर ईस्ट या एकाच मतदारसंघाचं काम होतं. देशभर हवा मजूर पक्षाची (लेबर), हे तोवर शाळकरी पोरालाही माहीत झालं होतं. प्रश्न होता तो या एका जागेचा.

पाचला फोन सुरू झाले. साडेपाचला तक्ता पाहिला तर ३५ ते ५४ वयाच्या पुरुषांचा रकाना जवळजवळ कोरा. कारण उघड होतं. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत-अफगाणिस्तान सामना दुपारी साडेतीनपासून चालू होता, आणि पाचला फ्रँकफर्टमध्ये इंग्लंड-डेन्मार्कही सुरू झाला होता. या मतदारसंघातल्या बेलग्रेव्ह, रशी मीडकडच्या घरांत दोन्हीकडे जीव टांगलेला. अशा वेळी फोन उचलतात त्या बायका नाहीतर निवृत्त मंडळी, आणि नवखा मुलाखतकार त्यांच्याच मुलाखती भराभर उरकतो. आकडा फुगतो, नमुना बिघडतो.

‘नंतर भारांकन करू, सगळं जागेवर येईल’ हे या धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य. भारांकन म्हणजे कमी पडलेल्या गटाच्या मतांना जास्त वजन देणं. समजा ५०० जणांच्या नमुन्यात या गटाचे ८० पुरुष हवेत आणि मिळाले ३०. मग त्यातल्या प्रत्येकाचं मत जवळजवळ पावणेतीन माणसांचं धरावं लागतं. त्यात दोन-चार जण एकाच कुटुंबातले किंवा एकाच गल्लीतले निघाले की अख्खा गट त्यांच्याच तोंडून बोलतो. शिवाय ५०० च्या नमुन्याला मुळातच अधिक-उणे साडेचार टक्क्यांच्या आसपास चूक गृहीत असते. अशी जबर वजनं चढवली की ती आणखी रुंदावते. म्हणून बाकीचे कोटे थांबवले, पुरुषांनी फोन घेतला की मुलाखतीचा आग्रह न धरता वेळ मागून घ्यायला सांगितलं, आणि सव्वासातनंतर सगळी यंत्रणा वेळ दिलेल्या त्या पुरुषांच्या यादीवर सोडली. भारत जिंकला होता, इंग्लंडची बरोबरी झाली होती. माणसं बोलायच्या मूडमध्ये होती.

एका मतदारसंघाची फोनचाचणी देशव्यापी चाचणीपेक्षा कितीतरी किचकट. लेस्टरचा ०११६ हा कोड फक्त लँडलाइनला असतो, आणि लँडलाइनवर भेटतात ती वयस्कर माणसं. मोबाइलच्या आकड्यावरून माणूस कुठला ते कळत नाही, त्यामुळे पत्त्यासकट विकत मिळणाऱ्या याद्या घ्याव्या लागतात, आणि त्यातला पत्ता जुना असू शकतो. त्यात २०२४ ची निवडणूक नव्या सीमांवर होणारी पहिलीच. ‘तुमचा मतदारसंघ कुठला?’ असं विचारायचंच नाही. पोस्टकोड विचारायचा, बाकीचं संगणक ठरवतो.

पुढची चाळणी मताधिकाराची. आपल्या वाचकांना नवल वाटेल, पण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय पासपोर्टधारक तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊ शकतो, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. शिकायला आलेली पुण्याची मुलगीसुद्धा नाव नोंदवून मत देऊ शकते. उलट पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्यांना हा हक्क नाही. लेस्टरमध्ये दीव-दमणची पुष्कळ कुटुंबं अशा पासपोर्टवर आहेत, स्विंडनमध्ये तशीच गोव्याची. त्यांना स्थानिक निवडणुकीत मात्र मत असतं. घोळ होतो तो इथेच. त्या संध्याकाळी ऐकलेला एक फोन असा होता. बाई म्हणाल्या, ‘मत देणार, नक्की देणार, गेल्या वर्षी दिलं होतं ना.’ मुलाखतकार गुजराती मुलगी, चलाख. तिने विचारलं, ‘बेन, गेल्या वर्षी म्हणजे महापालिकेला ना? आणि पासपोर्ट कुठला तुमचा?’ पोर्तुगालचा. नवऱ्याचा भारताचा. एकाच घरात बाई बाद, नवरा पात्र. ‘तुम्ही मतदार आहात का?’ एवढंच विचारून पुढे गेलं तर अशी मतं नमुन्यात शिरतात, जी ४ जुलैला पेटीत पडणारच नसतात.

प्रश्नांचा क्रम पक्का असतो. आधी, मत देण्याची शक्यता शून्य ते दहात किती. मग मत कुणाला. ‘अजून ठरलं नाही’ असं उत्तर आलं तर कल कुणाकडे. मग २०१९ मध्ये कुणाला दिलं होतं आणि २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात कुठल्या बाजूला. सगळ्यात शेवटी: तुम्ही स्वतः कुणालाही मत द्या, या मतदारसंघात कोण जिंकेल असं वाटतं, आणि देशात कोण? हे शेवटचे दोन प्रश्न आधी विचारले की माणूस जिंकणाऱ्याच्या बाजूला सरकतो, निदान फोनवर तरी. ज्यांचं टपाली मत रवाना झालं आहे त्यांना ‘कुणाला दिलं’ असं विचारतात, पण ती उत्तरं बाकीच्यांत मिसळून ठेवायची. मतदान संपायच्या आत, मत दिलेल्यांच्या सांगण्यावरून आकडे छापणं तिथे गुन्हा आहे.

या मतदारसंघात सगळ्यात जपायचा रकाना म्हणजे ‘इतर’. अर्ज भरायची मुदत ७ जूनला संपली होती, म्हणजे नावं वाचून दाखवता येत होती. मजूर पक्षाचे राजेश अगरवाल, हुजूर पक्षाच्या (कन्झर्व्हेटिव्ह) शिवानी राजा, लिबरल डेमोक्रॅट झफर हक. त्यांच्या जोडीला मजूर पक्षाचेच दोन माजी खासदार रिंगणात: १९८७ ते २०१९ जागा सांभाळलेले कीथ वाझ एका छोट्या स्थानिक पक्षाकडून, आणि त्यांच्यानंतरच्या क्लॉडिया वेब अपक्ष. देशव्यापी चाचणीत हे दोघेही ‘इतर’मध्ये गडप होतात. यादीत नाव वाचलं नाही तर मतदारही पटकन ‘लेबर’ म्हणून मोकळा होतो, कारण त्याच्या डोक्यात वाझ म्हणजे अजूनही लेबरच. मोठ्या सांख्यिकी प्रारूपांची हीच गोची. वय, शिक्षण, घर, जुनं मत यांवरून ती प्रत्येक जागेचा अंदाज बांधतात. घरातल्या भांडणाचा रकाना त्यांत नसतो.

साडेसातच्या सुमाराचा फोन. बेलग्रेव्ह रोडवर दुकान असलेले, पन्नाशीचे गृहस्थ. मत देण्याची शक्यता दहापैकी दहा. मत कुणाला? ‘कन्झर्व्हेटिव्ह. ती राजांची मुलगी.’ २०१९ मध्ये? ‘लेबर.’ सूर ठाम. मग शेवटचा प्रश्न, इथे कोण जिंकेल?

‘लेबर. दुसरं कोण?’

मुलाखतकाराने नियमाप्रमाणे एकदाच टोकलं, ‘असं का वाटतं, काका?’

‘अरे बेटा, इथे लेबरने दगड उभा केला तरी निवडून येतो. माझ्या एका मताने काय होणार?’

असा माणूस एकच भेटला असता तर मी विसरून गेले असते. पण पुढच्या तासात हीच जोडी पुन्हा पुन्हा कानावर आली: मत हुजूर पक्षाला, अंदाज मजूर पक्षाचा. मजूर पक्षाला सोडून वेब किंवा वाझ म्हणणारेही जिंकणार मजूर पक्षच म्हणत होते. प्रत्येक जण आपण सोडून गेलेला एकटाच आहे असं धरून चालला होता. आमचे आकडे ग्राहकाचे, ते इथे देणं बरोबर नाही, पण हे दोन प्रश्न एकमेकांसमोर मांडून तक्ता काढला तेव्हा तो मी दोनदा तपासला.

‘कोण जिंकणार’ या प्रश्नाची एरवी ख्याती चांगली आहे. माणूस उत्तर देताना शेजारी, दुकानातलं गिऱ्हाईक, मेव्हणा असे दहा जण जमेस धरतो, म्हणून पुष्कळदा हा अंदाज स्वतःच्या मताच्या बेरजेपेक्षा अचूक निघतो. देशाबद्दलचा अंदाज त्या संध्याकाळीही अचूकच होता. पण देशाची बातमी रोज टीव्हीवर असते, मतदारसंघाची नसते. तिथे माणूस गेल्या वेळचा निकाल आठवतो. २०१७ मध्ये वाझ २२ हजारांहून अधिक मतांनी जिंकले होते, त्याची सावली लांबवर पडली होती. २०१९ मध्ये ते मताधिक्य सहा हजारांवर आलं आणि २०२३ मध्ये महापालिकेत हुजूर पक्षाने १७ जागा काढल्या. एवढे दोन आकडे समोर असूनही लोकांच्या बोलण्यात जुनंच गणित होतं.

निकाल सर्वांना माहीत आहे. शिवानी राजा १४,५२६, राजेश अगरवाल १०,१००, हक ६,३२९, वेब ५,५३२, वाझ ३,६८१. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून हिसकावलेली ही एकमेव जागा. देशात मजूर पक्षाने चारशेच्या वर जागा जिंकल्या आणि हुजूर पक्ष १२१ वर आला, त्या रात्री! गंमत अशी की हुजूर पक्षाचा इथला वाटाही २०१९ पेक्षा कमीच होता: तेव्हा ३८ टक्क्यांच्या पुढे जाऊन हरले, आता ३१ टक्क्यांवर जिंकले. म्हणजे दुकानदार काकांसारखी पक्ष बदलणारी माणसं हे अर्धंच स्पष्टीकरण. उरलेलं अर्धं मतविभागणीचं. मजूर पक्षाचा वाटा पन्नाशीवरून २२ टक्क्यांच्या आत आला, आणि वेब व वाझ यांची मतं मिळून राजांच्या मताधिक्याच्या दुप्पट होती. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये तर जोनाथन अ‍ॅशवर्थ हे मजूर पक्षाचे मोठे नेते अपक्ष शॉकत अ‍ॅडम यांच्याकडून हरले.

मोठ्या चाचण्यांची फजिती वेगळ्या कारणाने झाली. शेवटच्या आठवड्यात त्यांची सरासरी मजूर पक्षाला ३८-३९ टक्क्यांच्या आसपास दाखवत होती, मिळाले ३३.७. जागा मात्र बऱ्याच प्रमाणात जुळल्या, म्हणून फारसा बोभाटा झाला नाही. १९९२ आणि २०१५ मध्ये चाचण्यांवर चौकशी समित्या बसल्या होत्या, कारण तेव्हा हुजूर पक्षाचा विजय चाचण्यांना दिसलाच नव्हता. माझ्या मते २०२४ ची चूकही तितकीच गंभीरपणे घ्यायला हवी होती.

पुढची निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत कधीही होऊ शकते, आणि रिफॉर्म यूके व ग्रीन धरून पाच पक्षांत मतं वाटली जात असताना ३० टक्क्यांत जागा जिंकणं नवलाचं राहणार नाही. त्यामुळे एका मतदारसंघाच्या कामात मी आता ‘कोण जिंकेल’च्या जोडीला ‘इथे खरी लढत कुठल्या दोघांत आहे’ हाही प्रश्न घालायला लावते. माजी खासदार अपक्ष असेल तर त्याचं नाव पक्षांच्या बरोबरीने वाचायचं, शेवटी नाही. तक्त्यात आधी बघायचा तो आपलं मत एकाला आणि अंदाज दुसऱ्याचा देणाऱ्यांचा कोपरा. आणि ‘सांगता येत नाही’ असं उत्तर आलं की एकदाच टोकायचं. दुसऱ्यांदा टोकलं की माणूस तुम्हाला खूश करायला गेल्या वेळचा विजेता सांगून टाकतो.