पाव बसतो की वातड होतो? त्यावर इमल्सिफायर ठरतं

ब्रेडच्या पाकिटावर ४७१, ४७२ई, ४८१ असे आकडे ओळीने छापलेले असतात. तिन्ही इमल्सिफायरच, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ, पण कामं वेगळी. ‘ब्रेड सॉफ्टनर’ म्हणून मिळेल ती पुडी मैद्यात ओतण्यात अर्थ नाही.

४७२ई म्हणजे डेटेम. ते ग्लुटेनला, म्हणजे मैद्यातल्या लवचीक प्रथिनाला, बळ देतं. लादी फुगते, पण भट्टीत सरकवताना धक्का लागला की बसते, अशी तक्रार असेल तर हे घ्या. मैद्याच्या ०.३ ते ०.५ टक्के, म्हणजे १० किलोला ३० ते ५० ग्रॅम. डब्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो त्याचाच. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की गोळे धरतात.

दुसऱ्या दिवशी पाव वातड होतो, ते दुखणं स्टार्चचं. तिथे ४७१, म्हणजे जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट). ते स्टार्चमधल्या अमायलोजला धरून ठेवतं आणि पाव शिळा व्हायचा वेग कमी करतं. (पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो.)

बहुतेकांचं चुकतं ते इथे: जाड दाण्याचं जीएमएस कोरडंच पिठात टाकतात. ते नीट मिसळत नाही, पैसे वाया. ४० ग्रॅम जीएमएस १६० ग्रॅम पाण्यात घालून ६५-७० अंशांपर्यंत ढवळत तापवा. दाणे विरघळून पांढरं, गुळगुळीत जेल होतं. गार करून १० किलो मैद्याला सगळं वापरा आणि मळायच्या पाण्यातून तेवढं १६० ग्रॅम पाणी वजा करा. जेल फार दिवस ठेवलं तर रवाळ होतं आणि गुण कमी होतो. हे माप ९० टक्के मोनोग्लिसराइड (जीएमएसमधला काम करणारा घटक) असलेल्या डिस्टिल्ड, म्हणजे शुद्ध केलेल्या, मालाचं. साध्या मालात ते प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं, तेव्हा पिशवीवरचा आकडा वाचा.

एसएसएल (सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट), म्हणजे ४८१, दोन्ही कामं थोडीथोडी करतं. एकच पुडी ठेवायची तर हीच, ०.३ टक्क्याने सुरुवात करा. ०.५ च्या वर जाऊ नका.

पाकीटबंद चपातीला डेटेमची गरज नाही. तिला फुगवटा टिकवायचा नसतो, घडीवर चिरू नये एवढंच हवं. त्याला जीएमएस किंवा एसएसएल पुरतं, पण कणीक घट्ट भिजवलेली असेल तर तेही हात टेकतं. बुरशी हा वेगळा विषय, तिला कॅल्शियम प्रोपियोनेट लागतं. घरच्या, त्याच दिवशी संपणाऱ्या पोळीला यातलं काहीच नको.

आणि शाकाहाराचं: ४७१ पाम तेलापासून होतं तसं प्राण्यांच्या चरबीपासूनही होऊ शकतं. आकड्यावरून ते कळत नाही, हिरवा ठिपका बघा.